याच्यात जातं कुठी हाय?

बी. ए. (द्वितीय वर्ष)

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी ओव्या म्हटल्या होत्या. कार्यक्रमपत्रिकेवर ‘लोकगीत’ असे छापले होते, पण त्या ओव्या माझ्या आजीच्या होत्या. आमच्या खेड्यात पिठाची चक्की येऊन कितीतरी वर्षे लोटली. तरी तुरीची डाळ भरडायची म्हटली की आजी जातेच पुढे ओढते, आणि जाते फिरू लागले की ओवी आपोआप सुरू होते. त्यांतल्या चार ओव्या मी पाठ केल्या. वर्गातल्या एकाने की-बोर्डवर ठेका धरला, दुसऱ्याने ढोलकी घेतली, आणि ओवी जरा संथ वाटते म्हणून आम्ही तिची लय चांगली दुप्पट केली. सभागृहाने टाळ्यांची साथ दिली. उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले.

आजी मुद्दाम एस.टी.ने आली होती. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. प्रवेशाच्या दिवशी बाबा फाटकाशीच थांबले होते. आजी मात्र थेट दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. परतीच्या गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “गानं चांगलं झालं वं माय. पन याच्यात जातं कुठी हाय?”

मला त्या वेळी रागच आला. रंगमंचावर काय जाते नेऊन मांडायचे होते की काय! पण यंदा वर्गात एक वाद निघाला आणि तो प्रश्न पुन्हा आठवला. वाद असा होता : जुनी अजरामर गाणी आणि चित्रपट पुन्हा करावेत की करू नयेत? निम्मा वर्ग म्हणाला, मुळीच करू नयेत, तो अपमान आहे. निम्मा म्हणाला, का करू नयेत, कला काय कुणाच्या मालकीची असते? दोन्ही बाजूंनी आवाज चढले. सर हसले आणि म्हणाले, “ओरडता काय, लिहा.” म्हणून हा प्रपंच.

आधी ओवीविषयीच सांगते, कारण माझी चूक तिथे झाली. जात्यावरच्या ओवीची लय गळ्यात नसते, ती दंडात असते. दगड जड. खुंटा आपल्याकडे ओढताना जोर लागतो, पुढे ढकलताना हात सैल होतो. शब्द त्या हिशेबाने लांबतात, आखूड होतात. मध्येच मूठभर दाणे जात्याच्या तोंडात टाकायचे असतात. तेवढा वेळ ओवी थांबते. त्या थांबण्यातच पुढची ओळ सुचते, आणि कधी नुसता सुस्काराही निघतो. खाली दगडाची घरघर चालूच असते, ती तंबोऱ्यासारखी. आम्ही काय केले? थांबण्याच्या जागा मोकळ्या दिसल्या म्हणून त्यांत की-बोर्डचे सूर भरले. शिवाय ओवी ही कुणाला ऐकवायची वस्तूच नव्हे. दिवसभर जे कुणाजवळ बोलता येत नाही ते बाई पहाटे दगडाजवळ बोलते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून काम करून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढ्या बायका एवढे काही बोलत होत्या, आणि ऐकायला समोर बहुधा जातेच होते! आमच्या सभागृहात चारशे माणसे टाळ्या वाजवीत होती. आजीला जाते कसे सापडावे?

तेव्हापासून कोणतीही नवी आवृत्ती पाहिली की मी आजीचाच प्रश्न विचारते. ज्या दगडाने ही मूळ कलाकृती फिरली, तो दगड इथे आहे का? नसेल तर निदान करणाऱ्याने आपला दुसरा दगड आणला आहे का?

‘पुन्हा करूच नये’ म्हणणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना काही नावे सांगितली तर ते जरा बुचकळ्यात पडतील. ‘मदर इंडिया’ (१९५७) हा आपण अभिजात म्हणून पाहतो. पण तो मेहबूब खान यांनी स्वतःच्याच ‘औरत’ (१९४०) वरून पुन्हा केलेला चित्रपट आहे. ‘देवदास’ बिमल रॉय यांनी १९५५ साली केला. वीस वर्षांपूर्वी प्रमथेश बरुआंच्या ‘देवदास’चे छायाचित्रण याच बिमल रॉय यांनी केले होते. म्हणजे मूळ चित्र ज्याने कॅमेऱ्यातून पाहिले, त्यालाच ते पुन्हा करावेसे वाटले. शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ (१९७२) आठवा. डॉ. श्रीराम लागूंचे मास्तर, निळू फुले, संध्या, राम कदमांचे संगीत आणि जगदीश खेबूडकरांची गीते. इतका मराठी मातीचा चित्रपट, पण त्याचे कथाबीज ‘द ब्ल्यू एंजल’ या १९३० च्या जर्मन चित्रपटातले, आणि तो चित्रपट हाइनरिख मान यांच्या कादंबरीवरून घेतलेला. आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८)? त्यातले संवाद आमच्या वर्गात हजेरीच्या वेळीसुद्धा चालतात. त्याची कथा हृषिकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) ची. मूळ चित्रपट किती जणांनी पाहिला आहे, हात वर करा!

सरसकट बंदी घातली असती तर यांतले काहीच आपल्याला मिळाले नसते. पण पाहा, ‘पिंजरा’ करताना शांतारामबापूंनी जर्मन शहरातले मद्यगृह कोल्हापुरात नेऊन बांधले नाही. त्यांच्याकडे तमाशा होता. गावाने देव मानलेला शिक्षक होता. दगड बदलला, म्हणून पीठ वेगळे निघाले. याउलट ‘शोले’ (१९७५) वरून २००७ साली जो ‘आग’ निघाला, किंवा ‘जंजीर’ (१९७३) वरून २०१३ साली जो दुसरा ‘जंजीर’ निघाला, त्यांविषयी कोणी वाद घालतानाही दिसत नाही. मीही घालीत नाही.

आता मला ज्या चित्रपटाविषयी खरोखर बोलायचे आहे, तो मी पाहिलेला नाही. कोणीच पाहू शकत नाही. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ साली काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकाराच्या कर्जात जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणी-कामगार होतो, एवढीच गोष्ट. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या चित्रपटांच्या त्या काळात पडद्यावर कर्जबाजारी कुणबी उभा करणे ही साधी गोष्ट नव्हती. रात्रीच्या अंधारातली एक झोपडी आणि रडणारे कुत्रे, असे त्यातले एक दृश्य पाहणाऱ्यांच्या मनात कायमचे राहिले. आज आपल्यापर्यंत त्याचे वर्णन तेवढे पोहोचते. चित्रपट नष्ट झाला आहे.

बाबूराव पेंटरांनीच १९३६ साली ‘सावकारी पाश’ पुन्हा केला, या वेळी बोलपट म्हणून. करणारा तोच, विषय तोच. अशा वेळी वाटते, चला, मूळ गेले तरी दुसरे आहे. पण मूकपटातले ते कुत्रे कोणालाही ऐकू येत नव्हते, आणि तरी लोकांना ते ऐकू आले होते. बोलपटात आवाज खराच आला म्हणजे ती जागा भरली असे कसे म्हणावे? मूळ कलाकृती नाहीशी झाली तर पुनर्निर्मिती तिची जागा घेऊ शकत नाही, फार तर तिची आठवण सांगू शकते. म्हणून मला वाटते, जे पैसे आणि जी खटपट जुने चित्रपट ‘नव्या पिढीसाठी’ पुन्हा करण्यात जाते, तिचा थोडा वाटा जुन्या फिती सांभाळण्याकडे गेला असता तर बरे झाले असते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले, म्हणजे ‘सावकारी पाश’नंतर एकोणचाळीस वर्षांनी. आणि २००३ साली पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेटच्या कितीतरी जुन्या फिती जळून गेल्या.

या चित्रपटाविषयी मला विशेष का वाटते, हे यवतमाळच्या वाचकांना सांगायला हवे असे नाही. कापूस आमचा, कर्ज आमचे, आणि वर्तमानपत्रातले ते आकडेही आमचेच. आमच्या घरीही एका वर्षी बियाण्याचे पैसे फिटले नाहीत तेव्हा आई रात्री बाबांच्या खाटेजवळ बसून राहायची. मला वाटायचे, बाबांना ताप आला आहे. पुढे ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) हा सतीश मनवर यांचा चित्रपट पाहिला तेव्हा उलगडा झाला. त्यात विदर्भातल्या एका गावात शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलकाला आपल्या नवऱ्याची धास्ती वाटू लागते. ती त्याच्यावर नजर ठेवते, मुलाला त्याच्या मागे पाठवते, त्याला आवडते ते खाऊ घालते. नवऱ्याला हे काय चालले आहे कळत नाही, म्हणून आपल्याला मध्येच हसूही येते, आणि हसल्याची लाज वाटते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांच्या तोंडी आमची बोली आहे.

१९२५ चा ‘सावकारी पाश’, बिमल रॉय यांचा १९५३ चा ‘दो बिघा जमीन’ आणि २००९ चा ‘गाभ्रीचा पाऊस’ हे तिन्ही ओळीने ठेवा. विषय एकच, शेतकऱ्याची जमीन आणि कर्ज. पण कोणी कोणाची नक्कल केलेली नाही. बिमलदांचा शंभू कलकत्त्यात रिक्षा ओढतो, कारण त्या काळच्या बंगालचे ते सत्य होते. मनवरांचा किसना कुठेही जात नाही, आभाळाकडे पाहत राहतो, कारण आमचे सत्य ते आहे. विषय संपलेला नसेल तर दर पिढीने तो पुन्हा घ्यावा, घ्यायलाच हवा. कलाकृती मात्र आहे तिथे राहू द्यावी. वादात मला हेच म्हणायचे होते, पण त्या दिवशी सुचले नाही.

याच्या उलट जे घडते त्याचे उदाहरण म्हणजे ‘सैराट’. तो २०१६ च्या एप्रिलमध्ये लागला तेव्हा मी दहा वर्षांची होते. गावातल्या मोठ्या मुलींनी तो तालुक्याला जाऊन पाहिला आणि मग सगळे गाव ती गाणी वाजवीत सुटले. मी तो पूर्ण पाहिला दहावीनंतर, मैत्रिणीच्या मोबाइलवर. नागराज मंजुळे यांनी आपल्या करमाळा तालुक्यातले गाव, तिथली बोली, तिथली विहीर, तिथले पाटील आणि तिथले मासेमारी करणारे कुटुंब घेतले. अर्ची पाटलाची, परशा खालच्या मानल्या गेलेल्या जातीतला. पहिला अर्धा भाग आपण नाचत पाहतो. दुसऱ्या अर्ध्यात ती दोघे हैदराबादच्या झोपडपट्टीत संसार मांडतात आणि आपण निर्धास्त होतो. शेवटी लहानगे मूल घरात येते, आणि पडद्यावरचा सगळा आवाज बंद होतो. मोबाइल बिघडला असे समजून मी आवाजाचे बटण दाबीत राहिले होते.

दोन वर्षांनी, २०१८ च्या जुलैमध्ये, याचा हिंदी ‘धडक’ आला. हक्क रीतसर होते, चोरी नव्हती. ‘झिंगाट’ही हिंदी शब्दांत आले. गाव उदयपूर झाले, तलाव आणि महाल आले, हैदराबादचे कलकत्ता झाले. त्याविषयी माझी तक्रार नाही. राजस्थानात ही गोष्ट घडत नाही असे थोडेच आहे? उलट तिथली जात, तिथले वाडे, तिथली भीती घेतली असती तर तो दुसरा दगड झाला असता. पण नव्या चित्रपटात जात ओझरती उच्चारली गेली आणि बाजूला राहिली. उरले ते श्रीमंत घरची मुलगी, साध्या घरचा मुलगा आणि निवडणूक लढवणारा बाप. हे तर आपण शंभर चित्रपटांत पाहिले आहे. शेवटही बदलला. मूळ चित्रपटात आईबाप जातात आणि मूल उरते. इथे मुलगा आणि मूल जातात, मुलगी उरते. धक्का तेवढाच, कदाचित जास्तच. पण ‘सैराट’मधले ते उरलेले मूल आपल्याकडे पाहत चालत येते, ते आपल्याला विचारते, आता मला कोण सांभाळणार, तुम्ही? तो प्रश्न गेला.

मला एवढे झोंबण्याचे कारण आहे. आमच्या शाळेत एक मुलगी होती, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी पुढे. तिला घरच्यांनी बारावीत असताना कॉलेजातून काढले आणि दोन महिन्यांत लग्न लावून दिले. कारण सगळ्या गावाला माहीत होते आणि कोणीही त्याचे नाव घेत नव्हते. ‘सैराट’ने ते नाव मोठ्या पडद्यावर घेतले. तीच गोष्ट पुन्हा सांगताना कोणी ते नाव गाळले तर आमच्या गावासारखेच झाले की! पुनर्निर्मितीत बहुधा असेच होते, असे माझे निरीक्षण आहे. गाणी राहतात, कपडे सुधारतात, आणि जे दुखत होते तेवढेच नेमके गळते. न्याय म्हणून हेही सांगते की २०२५ साली आलेल्या ‘धडक २’ ने जात उघडपणे घेतली. तोही मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) या तमिळ चित्रपटावरून केलेला आहे. म्हणजे पुन्हा करतानाही दुखरी जागा ठेवता येते. ठेवायची इच्छा हवी.

काही कलाकृतींत तर दगड म्हणजे एक माणूसच असतो. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) घ्या. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन आणि केशवराव भोळे यांचे संगीत. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस त्यात अभिनय करतात असे वाटतच नाही. अभंग त्यांच्या तोंडून सहज बोलल्यासारखा येतो. लोक पागनिसांच्याच पाया पडत, असे जुनी माणसे सांगतात. आणि गौरीची जिजाई! आजारी पोर काखेत आणि हातात वहाण घेऊन ती देवळात विठोबाला जाब विचारायला जाते, तेव्हा आमच्या गल्लीतली कोणतीही बाई आठवावी. त्यातले ‘आधी बीज एकले’ हे पद शांताराम आठवल्यांनी लिहिलेले. लोक ते तुकोबांचाच अभंग समजत आले. हा चित्रपट दृश्यामागून दृश्य तसाच पुन्हा करावा असे कोणाला वाटले तर पागनीस आणायचे कोठून? २०१२ साली चंद्रकांत कुलकर्णींनी ‘तुकाराम’ केला तेव्हा त्यांनी हा मोह टाळला. जितेंद्र जोशींचा तुकाराम संतपदाला पोहोचण्याआधी मुलगा आहे, वाणी आहे, दुष्काळाने मोडलेला बाप आहे. तो तुकोबांवरचा दुसरा चित्रपट झाला, पहिल्याची आवृत्ती झाली नाही.

‘श्यामची आई’चेही तसेच. आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा, त्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. वनमाला आणि माधव वझे यांना पाहून आमच्या घरी अजून रडारड होते. २०२३ साली सुजय डहाके यांनी पुन्हा ‘श्यामची आई’ केली, आणि तिला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. डहाके अत्र्यांकडे न जाता पुस्तकाकडे आणि ते लिहिणाऱ्या साने गुरुजींकडे गेले, हे त्यांनी शहाणपणाचे केले. पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले, ही गोष्ट त्यामुळे डोळ्यांसमोर येते. मात्र नवा चित्रपटही त्यांनी कृष्णधवल ठेवला. त्यात थोडा अत्र्यांचा धाक असावा अशी मला शंका आहे.

गाण्यांच्या बाबतीत कायदा काय म्हणतो, हे मी मुद्दाम वाचून पाहिले. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार एखादे गाणे प्रथम ध्वनिमुद्रित झाले त्या वर्षाअखेरीपासून पाच वर्षे उलटल्यावर, ठरलेले मानधन आगाऊ भरून कोणीही त्याची दुसरी ध्वनिमुद्रिका काढू शकतो. मूळ शब्दांत आणि चालीत मनमानी बदल करता येत नाही, आणि हे मूळ गाणे नव्हे हे वेष्टनावर स्पष्ट सांगावे लागते. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो. म्हणजे ‘संत तुकाराम’ आणि अत्र्यांची ‘श्यामची आई’ हे दोन्ही चित्रपट आज कायद्याच्या कुंपणाबाहेर उभे आहेत. आजीच्या ओवीला तर कधीच कुंपण नव्हते. त्यांना राखायचे तर ते ऐकणाऱ्या-पाहणाऱ्याच्या जिभेनेच.

बरे, गाणे पुन्हा म्हणूच नये असे म्हणावे तर गीतरामायणाचे काय करणार? १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने गदिमा आणि सुधीर फडके यांची छप्पन्न गीते आठवड्यामागून आठवडा प्रसारित केली, तेव्हा ती निरनिराळ्या गायक-गायिकांनी म्हटली होती. बाबूजींनी एकट्याने सगळी म्हणायला सुरुवात केली ती नंतर. आज आपल्या कानात बसले आहे ते बहुधा हे नंतरचेच. पण चाल त्यांचीच होती, रामायण त्यांच्या अंगात होते.

आपल्या भागातले उदाहरण ‘कट्यार काळजात घुसली’चे. यवतमाळहून मूर्तिजापूरला ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची गाडी जात असे. आता ती धावत नाही. त्या मूर्तिजापूरला १९२० साली वसंतराव देशपांडे जन्मले. नाटक नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत जितेंद्र अभिषेकींचे, साल १९६७, आणि वसंतराव खाँसाहेबांच्या भूमिकेत. २०१५ साली सुबोध भावे यांनी त्याचा चित्रपट केला. तेव्हा पडद्यावर खाँसाहेब सचिन पिळगावकर होते, पण गळा राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. काही रसिकांना तेही रुचले नाही. मला विचाराल तर चित्रपटातली सजावट जरा जास्त आहे, पण गाणे खरे आहे. गंमत म्हणजे नाटकाचा विषयच हा आहे. सदाशिव खाँसाहेबांच्या हवेलीत गडी म्हणून राहतो आणि आडून ऐकत त्यांची गायकी उचलतो. ती चोरी की विद्या? सदाशिवने नुसत्या ताना पाठ केल्या असत्या तर चोरी झाली असती. त्याने त्या हवेलीत झाडू मारला, शिव्या खाल्ल्या, रात्री जागून काढल्या. त्याने दगड ओढला.

आम्ही चार ओव्या एका दुपारी मोबाइलवरून पाठ केल्या होत्या.

यंदाच्या स्नेहसंमेलनाची यादी लागली तेव्हा पुन्हा विचारणा झाली, “तुझे ते जात्याचे गाणे ठेवू ना?” मी हो-नाही काहीच बोलले नाही. दिवाळीच्या सुटीत घरी गेले. जाते अंगणात कडुलिंबाखाली होते, वरच्या तळीवर कोंबडी बसलेली. मी ते धुतले, खुंटा ठोकून बसवला आणि आजीला हाक मारली. ती गुडघ्यावर हात टेकत आली, समोर बसली. मी म्हटले, “आजी, आता म्हण. मी बरोबर ओढते.” तिने खुंट्यावर माझ्या हाताच्या वर हात ठेवला, एक वळण ओढले आणि थांबली.

“रिकामं जातं नसते फिरवत,” ती म्हणाली. “जाय, तूर आन.”